गवतापासून खडकापर्यंत

मंजे,

तुझं तेरावं झालं आणि त्याच आठवड्यात मी तुझ्या जुईला पाचगणीच्या बोर्डिंगात नेऊन सोडलं. आधी हे सांगून टाकते. तू समोर असतीस तर माझी तब्येत, माझं जेवणखाण काही न विचारता पहिल्यांदा हेच विचारलं असतंस, "आक्का, पोरगी कुठाय?"

तुझ्याबद्दल बरेच जण लिहितायत. तुझ्याबरोबर काम केलेल्या मुलामुलींनी फोटो पाठवले. तोंडावर काच, पाठीवर नळकांडं, हातात पाटी. त्यातली तू मला ओळखूच आली नाहीस. पाण्याखालची मंजू त्यांची. माझी मंजू म्हणजे दर मे महिन्यात आमच्या उसाच्या नर्सरीत शेडनेटखाली उकिडवी बसणारी, नखांत कोकोपिटाचा भुसा भरून घेणारी आणि मी कामाच्या घाईत असताना नेमका वाद उकरून काढणारी. त्यातला एक वाद आपण अर्धा सोडला. तो आता मला एकटीला पुरा करावा लागतोय.

तू पहिल्यांदा नर्सरी बघायला आष्ट्याला आलीस तेव्हा जुई तुझ्या कडेवर होती. मी तुला गिऱ्हाइकाला दाखवतात तसं सगळं ओळीनं दाखवलं. हा बेण्याचा ऊस. इथं त्याचा एकेक डोळा कापतो. हे ट्रे, ही हिरवी नेट. रोप वीतभर झालं की सावलीतून बाहेर काढायचं, काही दिवस उन्हात ठेवायचं, पाणी कमी करायचं. पान जरा राठ झालं की मगच शेतकऱ्याच्या गाडीत. ऐकता ऐकता तू हसायला लागलीस.

"आक्का, मी एवढी वर्षं शिकून जे करते ते तू घरबसल्या करतेस की गं!"

"मी ऊस करते. तू मासे मोजतेस."

"माशांची पिल्लं मोजते," तू म्हणालीस, आणि एका रिकाम्या ट्रेवर कोकोपीट पसरून तुझं चित्र सुरू झालं.

एका कडेला मुठीनं खोलगट केलंस, तो उघडा समुद्र. दुसऱ्या कडेला बोटांनी बारीक रेघा ओढल्यास, ते किनाऱ्यालगतचं समुद्रातलं गवत आणि खाडीतल्या तिवरांची मुळं. त्यांच्यापासून थोड्या अंतरावर सुपारीएवढे खडे मांडलेस, तो प्रवाळाचा खडक. अंड्यातून निघालेलं पिल्लू आधी उघड्या समुद्रात वाहत राहतं, डोळ्याला जेमतेम दिसेल एवढं. मग किनाऱ्याकडे येतं. पण कितीतरी जातींची पिल्लं थेट खडकावर उतरतच नाहीत. आधी गवतात राहतात. जरा अंग धरलं की तिवरांच्या मुळांत, नाहीतर उथळ पाण्यात पडलेल्या प्रवाळाच्या मोडक्या तुकड्यांत. आणि मग कुठं खडकावर.

"कशाला एवढी बिऱ्हाडं बदलायची?" मी म्हणाले. "जायचंच आहे तर सरळ खडकावर जावं. एकदा काय ते होऊन जातं."

"खडक म्हणजे भरलेला बाजार आहे, आक्का. तिथं खायला भरपूर, तसे खाणारेही भरपूर. प्रत्येक कपारीत कुणीतरी तोंड उघडून बसलेला. नखाएवढं पिल्लू तिथं गेलं की संपलं."

तुझे दाजी मागं ट्रे रचत होते. ते म्हणाले, "म्हंजे भाऊबंदकीच की गं मंजू. आमच्या बांधावर ये एकदा, तोंड उघडूनच बसल्यात सगळी."

तू एवढ्या जोरात हसलीस की कडेवरची जुई दचकून रडायला लागली.

मग तुझ्या सवयीप्रमाणे तू स्वतःच्याच बोलण्याला दुरुस्त्या जोडल्यास. सगळेच मासे असं करत नाहीत. काही थेट खडकावरच उतरतात, पण तेसुद्धा उघड्यावर न थांबता आधी फट शोधतात. गवतात जीव वाचतो, पण पोट भरेल एवढं मिळत नाही, म्हणून अंग वाढलं की निघावंच लागतं. लवकर निघालं तर खाल्लं जातं, उशीर केला तर उपाशी राहतं. आणि गवत आणि खडक यांच्यात फार अंतर असून चालत नाही, हे तू दोनदा सांगितलंस. पिल्लाला पोहत जाता आलं पाहिजे. गवत कितीही चांगलं असलं आणि खडक कितीही मोठा असला तरी मधली वाट त्याला झेपली नाही तर मासा पोचत नाही.

मी मान हलवली आणि ट्रे उचलला. मनात म्हटलं, छान आहे, शाळेच्या पुस्तकात घालायला.

दुसऱ्या एका मे महिन्यात तू मोबाइलवर मला दोन मासे दाखवलेस. एक गडद निळा, अंगावर पांढरी वर्तुळं. दुसरा पिवळ्या पट्ट्यांचा. कोण आहेत सांग, म्हणालीस. मी म्हटलं, दोन वेगळे मासे. "एकच आहे," तू म्हणालीस. "हा वर्तुळांचा म्हणजे तो लहानपणी." या जातीचा मोठा मासा आपल्यासारख्या दुसऱ्याला आपल्या जागेत थारा देत नाही. पिल्लाचा रंगच निराळा असला की तो त्याला आपल्यातला धरत नाही, हाकलत नाही. असं आमच्यातले बरेच जण मानतात, अशी पुस्ती तू जोडलीसच.

"म्हणजे शाळेचा गणवेश," मी म्हणाले.

"उलटं झालं की गं. गणवेशात सगळी सारखी दिसतात."

मी तेही हसण्यावारी नेलं. तुझं बोलणं हसण्यावारी नेणं ही माझी सोय होती. मी थोरली, माझ्या हाताखाली दहा बायका कामाला, माझ्या भिंतीवर रोज सकाळी कामांची यादी लागते आणि संध्याकाळपर्यंत तिच्यावर रेघा पडतात. माशांच्या पिल्लांमागं आयुष्य घालवणारी धाकटी बहीण मला काय शिकवणार, असं मी तोंडानं कधी बोलले नाही. पण तुला ते ऐकू येत असणार.

तुझ्याकडे कोकणात मी एकदाच आले. मी कृष्णेच्या मुलखातली, तरी पाणी घोट्याच्या वर चढलं की माझा जीव वर येतो, हे तुला ठाऊक होतं. थंडीचे दिवस होते. ओहोटीला तू मला खडकांच्या आडोशाला गुडघाभर पाण्यात उभं केलंस, माझी साडी स्वतः खोचून दिलीस आणि हातात एक काचेच्या तळाची पेटी दिलीस. "वाक आणि नुसतं बघ." आधी नुसतं गवत दिसलं. मग गवताचं एक पातं हललं, आणि ते पातं नव्हतंच. मग तसलं आणखी एक. मग सगळं गवतच भरलेलं दिसायला लागलं. सहा वर्षांची जुई माझा पदर धरून उभी होती. ती कुजबुजली, "मावशी, पाय हलवू नकोस, ती आत्ता बाहेर येतायत."

मी विचारलं, "मंजे, हे इथून कधी हलवायचे?"

"हलवायचे नसतात, आक्का," तू म्हणालीस. "ते हलतात."

कामाशिवाय एका जागी एवढा वेळ मी त्याआधी कधी उभी राहिले नव्हते, त्यानंतरही नाही. परत येताना एस.टी.त माझ्या डोळ्यांपुढे तेच गवत होतं. घरी पोचल्यावर तुला फोन करून सांगावं असं वाटलं होतं. पण आल्या आल्या पंपाची मोटर जळालेली निघाली आणि ते राहिलं. तेवढे आभार माझ्याकडे अजून तसेच पडून आहेत.

आता तो फोन.

एप्रिलमध्ये तुझा फोन आला तेव्हा मी बेणं उतरवून घेत होते. पावसाळ्यात तुझं पाण्यातलं काम बंद असतं. त्या महिन्यांत तुला दुसऱ्या गावी राहून सगळं लिहून काढायचं होतं. तुझा विलास फौजेत, सरहद्दीवर. तू म्हणालीस, "आक्का, जुईला एक पाऊसभर ठेवशील? आष्ट्याच्या शाळेत जाईल. तुला काही त्रास नाही द्यायची."

"जून-जुलै?" मी म्हणाले. "मंजे, आडसाली उसाच्या रोपांची सगळी घाई तेव्हाच. मला घास गिळायला फुरसत नसते. आणि एक पाऊसभर कशाला? पाचगणीला टाक की तिला. तिथं सगळी सोय असते. पोरगी दहाची झाली, शिकेल."

"नऊची आहे."

"तेच ते."

"ती अजून गवतातली आहे गं."

"तुझं गवत ठेव बाजूला," मी म्हणाले. "माशांवरनं पोरं वाढवत नसतात."

 तू म्हणालीस, "बरं. बघू नंतर." आणि मी फोन खिशात टाकून हमालावर ओरडले, कारण त्यानं मोळी उन्हात टाकली होती.

मे संपता संपता विलासच्या भावाचा फोन आला, तू गेल्याचा. त्याच्या पुढचं तुला काय सांगू? तुला ते ठाऊक आहे, किंवा काहीच ठाऊक नाही.

दिवसकार्य विलासच्या गावी, साताऱ्याकडं झालं. सगळी व्यवस्था मी बघितली. कोण कुठं उतरणार, टँकर किती वाजता, पत्रावळ्या कुणी आणायच्या. मी कधी रडले ते आठवत नाही, मांडववाल्याशी भांडलेलं आठवतं. जुई रडत नव्हती. आल्यागेल्याला पाणी देत होती, दारातल्या चपला ओळीनं लावत होती. बायका म्हणायच्या, "किती समजूतदार हाय पोरगी." मीही तेच म्हणाले. तू मला फोटो दाखवून जे सांगितलं होतंस त्याचं मी बरोबर उलटं केलं. पिल्लाच्या अंगावर मोठ्या माशाचा रंग बघितला आणि त्याला मोठं धरून टाकलं.

विलास माझ्यापुढं हात जोडून उभा राहिला. एवढा फौजी माणूस, पण त्याला मान वर करवत नव्हती. "आक्का, माझी रजा संपत आली. तुम्ही ठरवाल तसं."

मी ठरवलं. ओळख काढली, जागा मिळवली. शाळेनं दिलेल्या यादीतली एकेक वस्तू आणली. गणवेश, पांघरुणं, स्वेटर, साबणाची डबी, पॉलिशचा ब्रश. प्रत्येक कापडावर तिचं नाव शिवलं, रुमालांवरसुद्धा. ट्रंकेवर पांढऱ्या रंगानं नाव काढून घेतलं. जुई माझ्याशेजारी बसून दोरा ओवून देत होती. ती एकदाही म्हणाली नाही की मला जायचं नाही. आणि मीही एकदाही विचारलं नाही.

पाचगणीला धुकं होतं. शाळेच्या फाटकात जुईनं विचारलं, "मावशी, इथून आष्टा किती लांब आहे?"

"गाडीनं तीन तास."

"चालत?"

"चालत कोण येतं?"

तिनं मान हलवली. मला तो पोरांचा भाबडा प्रश्न वाटला.

आष्ट्यात परत आल्यावर शेजारच्या बाई आल्या. म्हणाल्या, "पोरीचं पटाकदिशी मार्गी लावलंस बाई. दुसरी कोण असती तर रडत बसली असती." मंजे, हे लिहिताना हात आखडतोय, पण मला बरं वाटलं. तुला जाऊन महिना उलटला नव्हता आणि माझं कौतुक झालं म्हणून मला बरं वाटलं. मी त्यांना आग्रह करून चहा पाजला.

पुढच्या आठवड्यात कुंडलचा एक शेतकरी रोपं न्यायला आला. त्याची रोपं अजून नेटखाली होती, पानं लुसलुशीत. पण त्याला मजूर मिळाले होते, सरी सुटली होती, त्याला घाई.

"आवं बाई, द्या की तशीच," तो म्हणाला. "रानात गेल्यावर शिकत्यात आपआपली."

"शिकत न्हाईत, करपत्यात," मी म्हणाले. "नेटातनं काढून तसंच उन्हात लावलं तर तिसऱ्या दिवशी माना टाकत्यात. अजून आठवडाभर मी भाईर ठेवणार, मग न्या."

"दोनचार मेली तर मेली की."

"तुमाला दोनचार. आमी एकेक डोळा हातानं लावलाय. न्हाई मिळायची."

तो हसला. "लय कडक हायसा बाई. बरं, तुमी म्हणाल तवा येतो." आणि मोटारसायकल वळवून गेला.

तुझे दाजी नळाखाली हात धूत होते. त्यांनी नळ बंद केला. माझ्याकडं न बघता म्हणाले, "आन पोरीला?"

मी म्हणाले, "ते वेगळं."

  मी त्या संध्याकाळी सगळे ट्रे पुन्हा मोजले. मोजायची काही गरज नव्हती.

आणि दुसऱ्या दिवशी मेट्रनबाईंचा फोन आला. बाई बोलायला चांगल्या. "तक्रार नाही हं. मुलगी गुणी आहे, अभ्यास करते, ताटात टाकत नाही. फक्त झोपायला पलंगावर थांबत नाही. सगळ्या झोपल्या की उठून ट्रंकांच्या खोलीत जाते. सकाळी आम्हाला तिथं सापडते. तुम्ही एकदा येऊन समजावलंत तर बरं होईल."

मी म्हटलं, येते. तरी त्या दिवशी निघाले नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. दोन गाड्या भरायच्या होत्या, आणि मी शब्द दिलेला होता. शेतकऱ्याला दिलेला शब्द मी पाळला. तुला मी शब्द दिलाच नव्हता, तुझ्या विचारण्यातून मी तेवढी मोकळी सुटले होते.

रविवारी दाजींनी जीप काढली. मी धपाटे बांधून घेतले, शेंगदाण्याची चटणी, एक जास्तीचा स्वेटर, आणि रात्री भीती वाटली तर उशाला ठेवायला बॅटरी. वाटेत वाईपर्यंत मी मनात तिला काय काय समजावायचं ते जुळवत होते.

ट्रंकांची खोली लांबट आहे. दोन्ही बाजूंना फळ्या, फळ्यांवर ट्रंका, सगळ्यांवर पांढऱ्या रंगात नावं. सुटीची दुपार होती, बाकीच्या मुली बाहेर खेळत होत्या, त्यांचा कल्ला आत ऐकू येत होता. शेवटची ट्रंक आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम हातभर जागा. जुई तिथं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. झोपली नव्हती, रडत नव्हती. फटीतून दाराकडं बघत होती.

मी फरशीवर बसले. "इथं का बसलीस, बाळा?"

"इथे मोठ्या मुली येत नाहीत."

"त्रास देतात?"

"नाही. चांगल्या आहेत." तिनं गुडघे आणखी जवळ घेतले. "फक्त खूप आहेत."

"मग?"

"आई म्हणायची, नवीन जागी गेलं की आधी फट बघायची. तिथून सगळ्यांना बघत राहायचं. मग कळतं, कोण खातं आणि कोण खात नाही."

"कळलं का?"

"अजून नाही."

मंजे, मी तिला समजावायला गेले होते. माझ्याकडं सगळी वाक्यं तयार होती. 

ती म्हणाली, "मावशी, तू भेटायला आलीस की न्यायला?"

माझ्या पिशवीतली प्रत्येक वस्तू सांगत होती की मी भेटायला आले होते. "न्यायला," मी म्हणाले.

तिनं ते लगेच खरं मानलं नाही. "आणि ट्रंक?"

"राहू दे."

"पण त्यावर माझं नाव आहे."

"म्हणजे हरवायची नाही. चल."

मी हात पुढं केला, पण माझा खांदा त्या फटीत जाईना. तिला ओढून काढणं शक्यच नव्हतं. मला थांबावं लागलं. बाहेरचा कल्ला ऐकत मी फरशीवर नुसती बसून राहिले, त्या दिवशी पाण्यात उभी होते तशी, पाय न हलवता. बऱ्याच वेळानं आधी तिचा हात बाहेर आला, मग गुडघा, मग ती.

घाट उतरताना दाजी म्हणाले, "ट्रंक इसरली की गं तुझी."

"राहू दे."

"नवा ब्रश हुता त्यात पॉलिशचा."

"राहू दे म्हटलं न्हवं?"

दाजींनी आरशातून मागं बघितलं. "जुये, तुझ्या मावशीच्या कपाळाला हात लावून बघ गं. ताप हाय काय?" जुईनं खरंच माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "थंड आहे." दाजी हसले, मग तीही थोडी. हसताना ती तुझ्यासारखी दिसते. हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं, कारण तोपर्यंत मी तिला हसताना कधी नीट बघितलंच नव्हतं, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

विलासला रात्री फोन करून सांगितलं.  तो म्हणाला, "आक्का, मंजूच्या मनात हेच होतं. मला तुम्हाला सांगायचं धाडस झालं नाही." बघ मंजे. बंदूक घेऊन सरहद्दीवर उभा राहणारा माणूस, आणि त्याला मला सांगायचं धाडस होत नव्हतं. मी स्वतःला कामाची बाई समजत आले. माझ्या माणसांनी मला काय समजून वागवलं ते मला आत्ता कळतंय.

जुई आता आष्ट्याच्या शाळेत जाते. शाळा आमच्या गल्लीच्या टोकाला आहे, मधल्या सुटीतला गोंगाट नर्सरीत ऐकू येतो. सुरुवातीला दाजी तिला सोडायला जायचे आणि फाटकासमोरच्या पानपट्टीवर बसून राहायचे. मग ते कोपऱ्यापर्यंतच जायला लागले. आता ती एकटी जाते आणि वळणावर एकदा मागं बघते. मी तिच्यासाठी आतली खोली लावून दिली होती, पण तिनं सोप्यातच रिकाम्या ट्रेंच्या थप्पीमागं अंथरूण घातलं. मी घालू दिलं. थप्पीतले ट्रे कामाला लागतात, ती थप्पी रोज थोडी कमी होते. ती मोडू नये म्हणून मी आधी कामाचे ट्रे मागच्या शेडमधून आणायला लावले. मग ठरवलं की तेही नको. कमी होईल तशी होऊ दे. तिनं एक दिवस अंथरूण स्वतःच हातभर पुढं ओढलं. मी ते भिंतीवरच्या यादीत लिहायला पेन उचललं होतं, मंजे. पेन हातात घेतल्यावर माझीच मला शरम वाटली.

हे सगळं ऐकून तुला वाटेल, चला, आक्का सुधारली. मला तसं वाटून घ्यायचं नाही. जे मी आज करतेय ते तू जिवंत असताना मागितलं होतंस. एक पाऊसभर. मी दिलं असतं तर तू कोकणातून येऊन तिला आमच्या दारात सोडलं असतंस, वर दोन दिवस राहिली असतीस, कोकोपिटात आणखी कसली तरी चित्रं काढली असतीस. जुईला हे घर तुझ्या हातून मिळालं असतं. आता ते तिला तुझ्या जाण्यातून मिळालं. दोन्हींत केवढं अंतर आहे, ते मी भरून काढू शकत नाही.

परवा संध्याकाळी आम्ही दोघी रोपांना पाणी देत होतो. ती झारी धरून अचानक म्हणाली, "मावशी, आई तुला घाबरायची?"

"का गं?"

"तुला फोन करायच्या आधी ती नेहमी पाणी प्यायची."

मी हातातला पाइप खाली ठेवला. पाणी वाहून चाललं होतं, एरवी मी ते तसं वाहू दिलं नसतं.

"आणि फोन ठेवल्यावर?" मी विचारलं.

"काही नाही. त्या दिवशी म्हणाली, पुढच्या वेळी तूच विचार मावशीला. तुला नाही म्हणायची नाही ती."

"मग तू विचारलं नाहीस ते?"

"तेव्हा आई नव्हती." तिनं झारीतलं उरलेलं पाणी शेवटच्या ट्रेवर ओतलं, सगळीकडं सारखं, तुझ्यासारखं डोकं वाकडं करून. मग म्हणाली, "आता विचारू?"

"विचार."

"मी एक पाऊसभर राहू?"

मी वळले. घरात गेले. माठातलं पाणी घेतलं आणि प्याले. आणखी एक पेला प्याले. मग बाहेर येऊन तिला म्हणाले, "राहा. पाऊस संपला तरी राहा. निघायचं कधी ते तू सांगायचंस."

"बरं," ती म्हणाली, आणि झारी भरायला गेली.

तिला उत्तर दिलं, मंजे. तुझ्या वाटचं तेवढं राहिलं.